वेल्ड नट उलटा, चुकीचा किंवा गायब: पोका-योके रचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर. नट वेल्डिंग करणाऱ्या गाळ्यांतून आणि कंपन्यांतून मला सारखे तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. जे एका ठिकाणी सांगितलं ते दुसरीकडे पुन्हा सांगितलेलं नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रश्न पाठवणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत.

१. पोका-योके म्हणतात ते नेमकं काय? आणि नटाशी त्याचा काय संबंध?

चूक करायला गेलं तरी करता येऊ नये, किंवा झालीच तर लगेच कळावी, अशी वस्तूची किंवा साधनाची रचना म्हणजे पोका-योके. शब्द जपानी. 'पोका' म्हणजे बुद्धिबळासारख्या शोगीच्या डावात अनवधानानं खेळलेली घोडचूक, आणि 'योके' म्हणजे टाळणं.

जपानी औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांनी १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात केलेला उपाय मला अजूनही सगळ्यांत आवडतो. तिथे एक छोटा स्विच जोडायचे, त्यात दोन बटणांखाली दोन स्प्रिंगा. कामगार कधीमधी एक स्प्रिंग विसरायचा. शिंगोंनी एवढंच केलं, की आधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून समोरच्या बशीत ठेवायच्या आणि मग जोडणी करायची. बशीत स्प्रिंग उरली, तर कुठेतरी राहिली. खर्च एका बशीचा. सुरुवातीला या पद्धतीला 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. १९६३ मध्ये अराकावा बॉडीच्या कारखान्यात एका कामगार मुलीला ते नाव इतकं लागलं की तिला रडू आलं, तेव्हा शिंगोंनी ते बदललं. आपल्याकडे अजूनही 'फूलप्रूफ' म्हणतात आणि समोर उभा असलेला ऑपरेटर ते ऐकत असतो.

नटाशी संबंध असा, की वेल्ड केलेला नट चुकला तर तो काढता येत नाही. स्प्रिंग काढून पुन्हा घालता येते. नट मात्र छिन्नीनं तोडावा लागतो आणि त्याबरोबर पॅनेलही जातं.

२. वेल्ड नटच का? साधा नट लावून मागून पान्हा धरला तर काय बिघडतं?

पान्हा धरायला जागाच नसते म्हणून. गाडीच्या चौकटीतले कितीतरी भाग बंद पेटीसारखे असतात. आतल्या बाजूला नट आधीच चिकटवलेला असला की बाहेरून नुसता बोल्ट फिरवला तरी काम होतं.

नटाच्या बुडाला छोटी टोकं असतात, त्यांना प्रोजेक्शन म्हणतात. षटकोनी नटाला (डीआयएन ९२९; डीआयएन म्हणजे जर्मन मानक) तीन, चौकोनी नटाला (डीआयएन ९२८) चार कोपऱ्यांवर चार. खालच्या इलेक्ट्रोडवर शीट, त्यावर नट, वरून दुसरा इलेक्ट्रोड दाबतो आणि सगळा करंट या टोकांतून जातो. टोकं तापून मऊ होतात, दबतात आणि शीटमध्ये मिसळतात. ५० हर्ट्झवर १० सायकल धरल्या तर हे सगळं ०.२ सेकंदात उरकतं. एवढ्या वेळात चूक लक्षात येऊन पाय पेडलवरून काढणं माणसाच्या हातात नाही.

३. चुका कुठल्या कुठल्या होतात?

नट राहून जातो. उलटा बसतो (प्रश्न ४). एका मापाच्या जागी दुसरा लागतो (प्रश्न ६). माप बरोबर पण आटे वेगळे निघतात (प्रश्न ७). शीटच उलटी धरल्यामुळे नट चुकीच्या बाजूला लागतो (प्रश्न १०). मध्य सरकतो. आट्यांत ठिणग्यांचे कण बसतात. आणि सगळं बरोबर दिसतं, पण वेल्ड कच्चा असतो (प्रश्न १२). यातल्या शेवटच्या चुकीवर आकाराचा इलाज नाही. बाकीच्या बऱ्याच अंशी आकारानं रोखता येतात.

४. नट उलटा वेल्ड झालाच कसा? मशीननं घेतला कसा?

मशीनला नट सुलटा की उलटा ते कळत नाही. त्याला फक्त दाब आणि करंट कळतो. नट उलटा असला की टोकं वरच्या इलेक्ट्रोडला टेकतात आणि सपाट बाजू शीटवर येते. करंट जातो, थोडं चिकटतंही. हातानं हलवून पाहिलं तर नट हलत नाही, म्हणून तपासणीतही सुटतो. पुढे जोडणीच्या लाइनवर बोल्ट लावताना, टॉर्क चढायला लागला की नट शीटवरून सुटून गरगर फिरतो. बोल्ट धड आत जात नाही, धड बाहेर येत नाही. बंद पेटीत असा फिरता नट धरायला काहीच नसतं, म्हणून पेटी कापावी लागते.

रचनेतला पहिला उपाय म्हणजे कॉलर. नटाच्या टोकांच्या बाजूला, मधोमध, एक गोल गळा ठेवतात. तो शीटच्या भोकात उतरतो. सुलटा नट भोकात 'बसतो', उलटा नट शीटवर नुसता 'पडून राहतो' आणि कॉलर वर डोकावते. हातमोजे घातलेल्या बोटालाही हा फरक कळतो.

पण इथेच बरेच जण फसतात. कॉलर आहे म्हणजे काम झालं असं नाही, कारण मशीन उलटा नटही घेईलच. ते थांबवायला उंची मोजावी लागते: वरचा इलेक्ट्रोड टेकल्यावर तो किती खाली आला हे सेन्सर पाहतो आणि उंची चुकली तर करंट सोडत नाही. आता हिशेब बघा. सुलट्या नटाची उंची म्हणजे शीट, नटाचं अंग आणि टोकं. उलट्या नटाची उंची म्हणजे शीट, नटाचं अंग आणि टोकं किंवा कॉलर यांतलं जे उंच असेल ते. नटाला कॉलरच नसेल, तर दोन्ही उंच्या अगदी सारख्या! सेन्सर कितीही महागडा घ्या, वेल्डच्या आधी त्याला फरक दिसणारच नाही. म्हणून कॉलर टोकांपेक्षा चांगली उंच हवी, सेन्सरच्या मोजमापात जेवढी चूक होऊ शकते त्याहून स्पष्टपणे जास्त. नट निवडताना ड्रॉइंगवर हे एक वजाबाकीचं गणित करून बघा. मी पाहिलेल्या दहातल्या सात-आठ ड्रॉइंगांवर ते कुणी केलेलं नसतं.

५. मग चौकोनी नट घ्यावा की षटकोनी?

चुका टाळायच्या असतील तर कॉलरवाला घ्या, आकार कुठलाही असो. बिनकॉलरचा चौकोनी नट स्वस्त पडतो, पण मध्य धरायला पूर्णपणे गाइड पिनवर (खालच्या इलेक्ट्रोडमधून वर येऊन नटाच्या भोकात शिरणारी पिन) अवलंबून राहतो. पिन झिजली की मध्य सरकला. शिवाय कॉलर आट्यांभोवती भिंतीसारखी उभी राहते आणि ठिणग्यांचे कण आत कमी जातात. मात्र कॉलरची लांबी शीटच्या जाडीपेक्षा कमी ठेवा, नाहीतर ती पलीकडून बाहेर येते आणि त्यावर बसणारा भाग डुगडुगतो.

६. एकाच ब्रॅकेटवर एम६ आणि एम८ दोन्ही नट आहेत. अदलाबदल कशी थांबवू?

(एम६ म्हणजे ६ मिमी व्यासाच्या बोल्टचा नट, एम८ म्हणजे ८ मिमीचा.) पहिलं उत्तर ऐकायला आवडणार नाही: दोन मापं ठेवूच नका. एम६ च्या जागी एम८ चालत असेल तर सगळे एम८ करा. नटामागे चार पैसे जास्त जातील, पण एक डबा, एक पिन, एक फीडर (नट आपोआप पुरवणारं यंत्र) आणि एक अख्खी चूक कमी होईल.

ते जमत नसेल तर भोक आणि पिन यांची जोडी वापरा. डीआयएन ९२९ मध्ये कॉलरचा व्यास एम६ ला ८ मिमी, एम८ ला १०.५ आणि एम१० ला १२.५ असतो. शीटमधलं भोक त्याला जुळतं ठेवलं, की एम८ ची कॉलर एम६ च्या भोकात शिरत नाही. पण उलट दिशेनं? ८ मिमीची कॉलर १०.५ च्या भोकात आरामात पडते. म्हणजे भोक फक्त मोठ्या नटाला अडवतं.

लहान नटाला अडवायचं काम गाइड पिनचं. एम८ च्या नटाचं आतलं भोक साधारण ६.६५ ते ६.९ मिमी असतं, त्यामुळे पिनचा वरचा भाग साडेसहाच्या आसपास ठेवता येतो. एम६ च्या नटाचं भोक ५ मिमीच्या आसपास. तो या पिनवर खाली उतरतच नाही, टोकावर टोपीसारखा तिरका बसतो. भोक मोठ्याला परत पाठवतं, पिन लहानाला. दोन्ही मिळून दार पूर्ण बंद होतं, आणि यात वीज किंवा पीएलसी (मशीन चालवणारा छोटा संगणक) काही लागत नाही.

एक फट उरते. मोठा नट उलटा ठेवला तर? कॉलर वर असल्यामुळे भोक त्याला अडवत नाही, आणि पिन तर त्याच्या मोठ्या भोकातून सहज जाते. एम८ च्या जागी उलटा एम१० असा दोन्ही पहारे चुकवून आत येतो. त्याला पकडते फक्त उंची, कारण एम१० मुळातच उंच असतो. म्हणून प्रश्न ४ मधलं मोजमाप इथेही हवंच.

७. माप तेच, पण आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळा. एम१० × १.२५ आणि एम१० × १.५ एकमेकांत मिसळतात. पिन का नाही पकडत?

कारण फरक पिनला जाणवण्याइतका नाही. दोघांच्या आतल्या भोकात जेमतेम पाव मिलिमीटरचं अंतर आहे, आणि पिन त्याहून जास्त झिजल्यावरही लोक ती चालवतात.

हे मला माझ्याच चुकीमुळे कळलं. एका ब्रॅकेटवर मी तीन नट साध्या पिचचे आणि एक बारीक पिचचा दिला होता, कारण त्या जागचा बोल्ट दुसऱ्या विभागानं आधीच ठरवला होता. नट सारखे, कॉलर सारखी, रंगही सारखा. ओळखीसाठी मी वरच्या पृष्ठावर एक टिंब ठोकायला सांगितलं आणि स्वतःवर खूश झालो. तीन आठवड्यांनी जोडणीच्या लाइनवरून फोन आला: बोल्ट दोन फेरे जातो आणि अडकतो. गेलो. ऑपरेटरनं वाट न पाहता हवेच्या गननं बोल्ट दाबून घातला होता, आट्यांची वळी बाहेर आली होती. नट हातात घेऊन टिंब शोधलं. होतं, पण तेलकट थराखाली, आणि शॉपमधल्या ट्यूबलाइटच्या उजेडात ते दिसायला मला नट तीनदा फिरवावा लागला. ऑपरेटर तासाला शेकडो नट लावतो. खूण म्हणजे विनंती असते, अडथळा नव्हे.

आता मी एका भागावर एका मापाचा एकच पिच ठेवतो. नाइलाज असेल तर बारीक पिचच्या नटाची कॉलर मुद्दाम वेगळ्या व्यासाची मागवतो किंवा एक चौकोनी, एक षटकोनी असं करतो, म्हणजे फीडरच वेगळे होतात.

याच जातीचा सगळ्यांत धोकादायक प्रकार सीटबेल्टच्या जागी असतो. बहुतेक गाड्यांत सीटबेल्ट अँकरचे आटे ७/१६ इंची, इंचाला २० असतात. म्हणजे पिच १.२७ मिमी. शेजारी एम१० × १.२५ चा बोल्ट पडलेला असेल, तर तो या नटात जवळजवळ नुसता सरकतो, आट्यांची शिखरं जेमतेम अडकतात. फिरतो, 'बसला' असं वाटतं, आणि ओढ आली की निसटतो. अशा जागी बोल्टचं डोकंही वेगळ्या मापाचं ठेवा, म्हणजे दुसऱ्या बोल्टचं सॉकेट त्यावर चढणार नाही.

८. सेन्सर बसवला आहे. मग नटाचा आकार कशाला बदलायचा?

कारण सेन्सर बंद करता येतो, भोकाचा व्यास बंद करता येत नाही. रात्रपाळीला सेन्सर खोटा अलार्म द्यायला लागला, टार्गेट राहिलं, की कुणीतरी वायरला जंपर (सेन्सरला वगळणारा तारेचा तुकडा) लावतो. सकाळी तो काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. मी जंपर लावणाऱ्याला दोष देत नाही. खोटे अलार्म का येतात हे पाहणं इंचार्जचं काम होतं.

सेन्सर ठेवाच, पण प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला त्याला मुद्दाम तीन खोटे नमुने दाखवा: नट नसलेली शीट, उलटा नट, चुकीच्या मापाचा नट. तिन्ही वेळा मशीन थांबलं पाहिजे. नमुने लाल रंगवून कुलपात ठेवा, नाहीतर एक दिवस तेच गाडीवर जातील.

९. वेल्ड बोल्ट किंवा स्टड असेल तर काय वेगळं?

स्टड म्हणजे शीटवर वेल्ड केलेली आट्यांची दांडी. नटात चूक प्रत्येक नटाची असते, स्टडमध्ये ती बहुधा मांडणीची असते. चार स्टड अगदी चौकोनात लावले, की त्यावर बसणारं कव्हर १८० अंशांत फिरवूनही बसतं, आणि मग केबल चुकीच्या बाजूनं बाहेर येते. एक स्टड चौकोनातून बाहेर सरकवा.

किती सरकवायचा? इथे कंजुषी नको. एम६ च्या स्टडला कव्हरमध्ये ७ मिमीचं भोक असेल, तर एक मिमीची मोकळीक तिथेच आहे. त्यावर स्टडच्या जागेची आणि भोकाच्या जागेची सूट. दोन मिमी सरकवलेला स्टड हातोडीच्या दोन ठोक्यांत बसतो, आणि हातोडीनं बसतं ते पोका-योके नव्हे. मी निदान पाच-सहा मिमी सरकवतो, म्हणजे अडायच्या आधी डोळ्यालाच खटकतं. जागा नसेल तर एक स्टड एम६ ऐवजी एम८ करा.

१०. डावा आणि उजवा ब्रॅकेट जवळजवळ सारखेच आहेत. रोज अदलाबदल होते.

'जवळजवळ सारखे' हीच गोम आहे. जोडणीसाठी रचना कशी करावी यावर जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी जे काम केलं, त्यातला एक धडा असा: भाग एकतर पूर्ण सममित करा, किंवा त्यातला वेगळेपणा ठळक करा. मधली अवस्था सर्वांत वाईट. एकच ब्रॅकेट दोन्हीकडे चालेल असा करता येतो का ते आधी पाहा. एक नट जास्तीचा लागला तरी ते परवडतं. नाहीच जमलं तर ब्लँकच्या (कापलेल्या शीटच्या) एका काठाला खाच द्या आणि जिगमध्ये (भाग पकडून ठेवणाऱ्या साच्यात) तिला जुळणारी पिन उभी करा. शीट उलटी धरली तरी हीच खाच अडवते. वेगळा खर्च फक्त डायमधल्या एका पंचचा.

११. बोल्ट आडव्या आट्यांनी चढतो. नट बदलून उपयोग होईल का?

अर्धा. नटाच्या ज्या बाजूनं बोल्ट शिरतो तिथला उतार पुरेसा हवा, पण मुख्य इलाज बोल्टच्या टोकावर आहे. टोकाला आटे नसलेला, किंचित बारीक, लांबट दांडा ठेवला की बोल्ट आधी सरळ होतो आणि मगच आटे जुळतात. गन चालवायच्या आधी दोन फेरे हातानं हा नियम चांगला आहे, पण तो नियम आहे, रचना नाही.

अपवाद रंगाचा. बॉडी सीईडी (विजेच्या साहाय्यानं चढवायच्या) रंगाच्या टाकीत बुडवली की आट्यांवर थर चढतो आणि नीट बोल्टही अडकल्यासारखा वाटतो. ऑपरेटर त्याला आडवे आटे समजतो, किंवा आडव्या आट्यांना रंग समजून गन दाबतो. दुसरं जास्त महाग पडतं. आटे झाका, किंवा रंग खरवडत जाणारा खाचेचा बोल्ट वापरा.

१२. आकार सगळा बरोबर, तरी नट सुटला. मग पोका-योके फसलं का?

नाही, ते दुसऱ्याच चुकीसाठी होतं. आकार नट योग्य जागी, योग्य बाजूनं आणतो. तो पक्का चिकटला का, हे करंट, दाब आणि इलेक्ट्रोडचा सपाटपणा ठरवतात. त्यासाठी नट ढकलून पाडायची आणि टॉर्क देऊन फिरवायची चाचणी ठरावीक संख्येनं करावीच लागते.

दोन गोष्टी सांभाळा. झिंक चढवलेले नट वेल्डसाठी घेऊ नका. धूर, ठिणग्या आणि खराब इलेक्ट्रोड, तिन्ही वाढतात. आणि गरम दाबून कडक केलेल्या बोरॉन स्टीलच्या शीटवर, विशेषतः अॅल्युमिनियम-सिलिकॉनचा थर असेल तर, साध्या शीटवरचं सेटिंग चालवू नका. तिथे योग्य सेटिंगचा पट्टा फार अरुंद असतो.

१३. आमचा छोटा गाळा आहे. पेडलचं मशीन, पीएलसी नाही. काय करता येईल?

बरंच. कॉलरवाला नट आणि बरोबर मापाची पिन (प्रश्न ६) आजच लावता येते. नट हातानं उचलायच्या ऐवजी घसरगुंडीवरून येऊ द्या आणि तिच्या तळाला कॉलरच्या रुंदीची खाच वायरकटनं कापून घ्या. सुलट्या नटाची कॉलर खाचेत उतरून तो घसरत येतो, उलट्याची कॉलर वर डोकावते आणि तो लगेच ओळखू येतो. मोठ्या कारखान्यातला बाउल फीडर (नट एका दिशेनं लावून देणारी थरथरती वाटी) याच तत्त्वावर चालतो.

राहून गेलेल्या नटासाठी शिंगोंची बशीच वापरा. एका ब्रॅकेटला पाच नट असतील तर ट्रेला पाच खळगे पाडा. आधी खळगे भरायचे, मग वेल्ड करायचं. एका ओळखीच्या गाळ्यात स्टीलच्या इडलीपात्रातली ताटली वापरतात. चार खळगे, चार नट. ब्रॅकेट खाली ठेवताना ताटलीत नट दिसला की हेल्पर न बोलता ती मशीनकडे परत सरकवतो.

१४. कस्टमर ड्रॉइंग बदलायला तयार नाही. आमच्या हातात काय उरतं?

भागाला हात न लावता तुमचं टूलिंग तुम्ही बदलू शकता: पिन, घसरगुंडी, ट्रे, उंचीचं मोजमाप. पुढच्या स्टेशनच्या जिगवर प्रत्येक नटासमोर एक बारीक पिन उभी करा. नटाची जागा सरकली असेल किंवा चुकून लहान नट लागला असेल, तर पॅनेल पूर्ण खाली बसणार नाही. नटच नसेल तर मात्र पॅनेल मजेत बसतं, म्हणून त्यासाठी स्प्रिंगवरची वेगळी पिन द्या, तिचं टोक नटाच्या भोकाहून जाड ठेवा आणि ती दबली का हे स्विचनं पाहा.

ड्रॉइंग बदलायची विनंती करायचीच असेल तर तक्रारीच्या बैठकीत करू नका. नवीन मॉडेलच्या पहिल्या नमुन्यांच्या वेळी करा, डाय कापायच्या आधी. तेव्हा भोक ८ चं १०.५ करायला फक्त एक आकडा खोडावा लागतो.